दुसरा हात

तनुजाची छाया चौथ्यांदा थांबली तेव्हा मेंगाणे सरांनी चहा सांगितला.

"बस, चौगुले. ही काय आता लवकर परत येत नाही."

प्लेसमेंट सेलच्या भिंतीवरच्या पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. त्याच्या वर नीटस, बिनचूक ओळींची रांग होती. कुठे लाल रंग नव्हता, कुठे काही अडलेलं दिसत नव्हतं. काम मजेत चाललेलं असताना कुणीतरी ते तसंच टाकून उठून गेलं असावं, असं ते दिसत होतं.

"जेवायला गेली काय?" सर म्हणाले. "तुझी छाया आहे बाई, तूच सांग."

चहा आला, अर्धा झाला, आणि कर्सर हलला. छाया परत आली होती. पण काम जिथे सोडलं होतं तिथून पुढे न जाता ती थेट पहिल्या ओळीवर गेली आणि तिथून एकेक ओळ वाचत खाली येऊ लागली.

"आणि हे वर! दर वेळी पहिल्यापासून श्रीगणेशा. परवा जलसंकेतवाले येणार. त्यांच्यासमोर ही अशी झोपा काढायला लागली तर तुझं तर जाईलच, आपल्या कॉलेजचंही नाव जाईल."

एम.टेक. आयटीला पुन्हा भाव आला होता तो या छायांमुळेच. मधली काही वर्षं हा विभाग ओस पडला होता. प्रोग्रॅम यंत्रंच लिहायला लागल्यावर आईबापांनी मुलांना आयटीतून काढून नर्सिंगला आणि सोलर फिटिंगला घातलं. सांगलीबाहेरच्या या शिंत्रे इन्स्टिट्यूटमध्ये तर एक वर्ष असं गेलं, की आयटीच्या लॅबमध्ये कॉलेजच्या गणपतीची आरास ठेवलेली होती. मग हळूहळू ध्यानात आलं, की यंत्रं चुकतात ती सगळी एकाच तऱ्हेने चुकतात. सगळी माहितीच्या एकाच साठ्यावर शिकलेली. एकाचं काम तपासायला दुसरं बसवलं तर पहिल्याला जे दिसलं नाही ते त्यालाही दिसत नसे. लिहिणारे मुबलक झाले होते. शंका घेणारे कमी पडत होते.

शंका मात्र माणसागणिक वेगळी असते. कुणी आकड्यापाशी अडखळतं, कुणी नावापाशी. काम करताना माणूस कुठे थांबतो, काय लिहून खोडतो, कोणत्या ओळीकडे पुन्हा पुन्हा वळतो, याची दोन वर्षं सलग नोंद ठेवली तर त्यातून त्या माणसाच्या शंकांचा एक ठसा काढता येतो, असं आढळलं. ठसा अगदी लहान असतो. भांड्याला कल्हई करावी तसा तो मोठ्या यंत्रावर चढवायचा, की ते यंत्र त्या माणसासारखं शंका घेऊ लागतं. ज्ञान यंत्राचं, शंका माणसाची. कागदोपत्री याला कार्यछाया म्हणत. मुलं नुसतंच छाया म्हणत.

ठशाला कारणं कळत नाहीत. माणूस थांबला एवढंच त्याला कळतं. फोन आला म्हणून थांबला, पोटात दुखलं म्हणून थांबला, की खरोखर काही खटकलं, हे त्याला दिसत नाही. दोन वर्षांच्या ढिगाऱ्यात अशी फुटकळ थांबणी विरून जातात आणि नेमाने येणारी तेवढी उरतात, असं त्यामागचं गणित. म्हणून दोन वर्षं लागायची, आणि ठरलेले तास भरले तरच छाया पक्की धरली जायची. नाहीतर तिच्यावर 'अपुरी' असा शेरा. प्लेसमेंटच्या दिवशी कंपनी मुलाखत घेई ती छायेची. छाया पसंत पडली तर तिच्या मूळ माणसाला छायापालक म्हणून नोकरी मिळे. छाया काम करणार. ती कुठे अडली, का अडली, तिचं ऐकायचं की नाही, हे पालकाने सांगायचं. चुकलं तर सही पालकाची.

तनुजाला ही नोकरी हवी होती. जलसंकेत ही कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातल्या धरणांचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे याचा हिशेब करणारी कंपनी. ऑफिस सांगलीतच. घर सोडायला नको, लेकीला सोडायला नको. अशी दुसरी कंपनी या वर्षी येणारच नव्हती.

"चाळणी लावून बघू," सर म्हणाले.

चाळणी म्हणजे छाया स्वच्छ करायचं साधन. उंदीर टेबलावरून गेल्यासारखे जे चुकार धक्के ठशात शिरलेले असतात ते ती वेगळे काढून दाखवते. तिने थोडा वेळ घेतला आणि पडदा मधोमध दुभागला. एकीकडे लिहून आलं, 'हात पहिला'. दुसरीकडे, 'हात दुसरा'.

सरांनी कप खाली ठेवला.

"कोण बसलं होतं गं तुझ्या लॉगिनवर?"

तनुजाने तोंड उघडलं.

"थांब! मला सांगू नकोस. मला कळलं की मला वर कळवावं लागतं, आणि वर कळलं की दोघांच्याही छाया रद्द." सर खुर्चीत मागे रेलले. "आमच्या वेळी मी तिघांची हजेरी तीन आवाजांत द्यायचो. त्यातला एक आता आमदाराचा पीए आहे, मला ओळखसुद्धा देत नाही. ते जाऊ दे. हे बघ. हा पहिला हात तुझा. काय सरळ चालतोय! जास्त भागही ह्याचाच आहे. हा दुसरा म्हणजे कुणीतरी येता-जाता टाइमपास केलेला दिसतोय. तुकडे तुकडे. हाच मेला थांबतो. काढून टाक याला. मंजुरी तुझ्या लॉगिननेच द्यावी लागते. परवा सकाळपर्यंत दे म्हणजे झालं."

तनुजा पहिल्या हाताकडे बघत होती. तो खरंच सुंदर चालत होता. आणि तारीख आली की थबकत होता. साधी, बरोबर असलेली तारीख. पण तिथे तो क्षणभर थांबे, वर जाऊन ती दुसरीकडे कशी लिहिली आहे ते बघे, मगच पुढे सरके.

तिच्या वर्गमैत्रिणीच्या, रुख्सारच्या, शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलेली होती. गुरुजींनी इतर मुलांसारखी तिलाही एक जून लावून टाकली होती. ती दुरुस्त करून घ्यायला रुख्सारचे दोन उन्हाळे ऑफिसांच्या बाकांवर गेले होते. तेव्हापासून ती कुठल्याही तारखेवर विश्वास ठेवत नसे.

पहिला हात रुख्सार शिकलगारचा होता. तुकडे तुकडे झालेला दुसरा, तो तनुजाचा.

*

त्यात कुणाचं कारस्थान नव्हतं. दुसऱ्या सेमिस्टरला ठमी झाली. तिचं कागदावरचं नाव शर्वाणी, पण ती जन्मली तेव्हाच इतकी गुबगुबीत होती, की आत्याबाईंनी, म्हणजे तनुजाच्या सासूबाईंनी, तिला ठमी म्हटलं आणि तेच राहिलं. तनुजा डिटेन होणार, वर्ष वाया जाणार, हे दिसत होतं. रुख्सार मिरजेहून घुगऱ्या आणि लोकरीची कुंची घेऊन बाळाला बघायला आली आणि जाताना म्हणाली, "पासवर्ड दे तुझा. माझं झालं की तुझं पण भरून टाकते. त्यात काय एवढं?" त्यात खरंच काही नव्हतं. प्रॉक्सी काय कुणी कधी मारली नव्हती? पुढच्या सेमिस्टरला ठमीला सारखा ताप येत राहिला, तेव्हाही बरेच दिवस रुख्सारच बसली. तनुजा घरून जमेल तसं करायची. ठमी झोपली की, ठमी खेळायला लागली की, आत्याबाई देवळातून येईपर्यंत.

कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर बसून तनुजाने हे सगळं सांगितलं तेव्हा रुख्सार आधी खो-खो हसली.

"म्हणजे मला दोन नोकऱ्या! एक तुझ्या नावाने, एक माझ्या!"

"हसू नकोस गं."

"नाही, पण सर काय म्हणाले? सरळ हात? बघ, सरळ आहे मी. माझ्या अम्मीला ऐकू दे एकदा हे."

मग ती हसायची थांबली. हातातला वडापाव तिने कागदात पुन्हा गुंडाळला.

"तनू, ते साम्य तपासतात."

"काय?"

"जलसंकेतवाले. दोन छाया सारख्या निघाल्या तर दुसरी घेत नाहीत. एकाच शंकेचे दोनदा पैसे कोण देणार? गेल्या वर्षी जुळ्या भावांचं झालं होतं की तसं." तिने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "बाराखडीप्रमाणे बोलावतात. चौगुले आधी. शिकलगार पार शेवटी. तुझी आधी बघतील. मग माझी लावतील, आणि म्हणतील, ही नक्कल आहे."

आत कॅन्टीनमध्ये कुणीतरी मोठ्याने बिल कुणी द्यायचं यावर भांडत होतं.

"म्हणजे मी माझीच नक्कल," रुख्सार म्हणाली.

"मग मी तुझा हात काढते."

"आणि काय ठेवतेस? तुझे तुकडे? 'अपुरी' बसेल शिक्का. सगळ्यांसमोर थांबेल ती. तुला घेतील?"

"नाही घेणार."

"मग?" रुख्सार उठली. ओढणी झटकली. "मला विचारू नकोस. मी काढ म्हटलं तर मी स्वार्थी. ठेव म्हटलं तर मी येडी. तू बघ." दोन पावलं जाऊन ती वळली. "मी बसले नसते तर तुझं वर्ष गेलं असतं. बसले म्हणून आता माझी नोकरी जाणार. अम्मी बरोबर म्हणते माझी, तुला उद्योग नाहीत दुसरे म्हणते."

वडापाव कट्ट्यावरच राहिला.

*

तनुजाचा नवरा धैर्यशील हळदीच्या शीतगृहातून घरी आला की त्याच्या शर्टाची बाही पिवळी असे, आणि ठमी आधी ती बाही चाटायला रांगत येई. आज तिला एका हाताने अडवत त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग अडलंय कुठं? काढून टाक दुसरा हात."

"अहो, दुसरा माझा आहे."

"कंपनीला कुणाचा हात ते काय करायचंय? काम झाल्याशी मतलब. रुख्सारला काय, पुण्यात दहा कंपन्या घेतील. तुला घर सोडता येणार आहे का?"

हे खरं होतं. रुख्सारच्या घरून तिला पुण्याला पाठवणार नाहीत हेही खरं होतं, पण ते तनुजा बोलली नाही. ती म्हणाली, "नोकरी लागल्यावर रोज ती का अडली ते मला सांगावं लागणार. सही माझी. रुख्सार तारखेला अडते ते मला ठाऊक आहे. बाकी कशाकशाला अडते ते मला काय माहीत?"

"शिकशील की. ठमी का रडते ते तरी तुला पहिल्या दिवसापासून कुठं कळत होतं?"

आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कळत नव्हतंच. पण ती हिची होती, एवढं कळत होतं." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी झोळीत झोपली. आत्याबाई शेजारी गेल्या. तनुजाने स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी लॅपटॉप उघडला आणि दुसरा हात एकटा चालवून बघितला. कालपर्यंत तिने त्याला थांबताना पाहिलं होतं, चालताना नीट पाहिलंच नव्हतं.

हात फार चांगला नव्हता. रुख्सारला दिसलं असतं ते दोन ठिकाणी त्याला दिसलंच नाही. काही वेळा तो धडपडला, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग त्याला लय सापडली. ओळीमागून ओळ सुटत गेली, एकही चूक नाही, एकही अडथळा नाही. तनुजाही त्याच्या मागोमाग वाचत गेली. बरं वाटत होतं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. झोळीच्या दोरीची कुरकुर कधीच बंद झाली होती.

किती शांत आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ती ताडकन उठून आत गेली.

ठमी जागी होती. झोळीतून एक पाय बाहेर काढून ती स्वतःच्या अंगठ्याकडे गंभीरपणे बघत होती. तनुजाने पाय आत घातला, ओठाला लागलेलं लोकरीचं सूत काढलं, झोळीला एक झोका दिला आणि परत आली.

पडद्यावर कर्सर नुकताच हलला होता. छाया पहिल्या ओळीवर होती आणि पहिल्यापासून वाचत होती.

तनुजा उभीच राहिली. छायेला ठमी माहीत नव्हती. छायेला घर, झोळी, पंखा काही माहीत नव्हतं. काम सुरळीत चाललं, फार वेळ सुरळीत चाललं, की ही बाई उठून जाते आणि आल्यावर काहीच गृहीत धरत नाही, एवढंच तिने दोन वर्षांत उचललं होतं. चूक झाली म्हणून ती थांबतच नव्हती. चूक होत नाही म्हणून थांबत होती.

तनुजाने लॅपटॉप पुढे ओढला. पहिला हात निवडला. चाळणीने विचारलं, हा भाग कायमचा काढायचा का? तिला त्या भागातला एक महिना आठवला. तेव्हा रमजान चालू होता. रुख्सार दिवसभर पाण्याचा घोट न घेता लॅबमध्ये आधी स्वतःचं आणि मग तनुजाचं काम करत बसे, आणि संध्याकाळच्या बसने रोजा सोडायला मिरजेला पोचे. तो महिना त्यात कुठेतरी होता. तिने 'होय' दाबलं.

छायेच्या नावापुढे लगेच शिक्का आला, 'अपुरी'.

"दुसरा ठेवलाय, सर," तिने फोनवर सांगितलं.

"म्हणजे तो दुसरा..." सर म्हणाले. "बरं. राहू दे. मला सांगू नकोस."

रुख्सारला तिने निरोप लिहिला: तुझा हात काढला, रमजानच्या महिन्यासकट. रुख्सारचं उत्तर उशिरा आलं: येडी. थोड्या वेळाने आणखी एक आलं: माझा सगळ्यात चांगला महिना होता गं तो.

*

जलसंकेतकडून सबनीस मॅडम आल्या होत्या. पांढरे कापलेले केस, पायात ट्रेकिंगचे बूट. धरणावरून थेट आल्यासारख्या. त्यांनी परीक्षेसाठी एका जुन्या पावसाळी दिवसाचे खोऱ्यातले सगळे आकडे आणले होते आणि त्यात स्वतःच्या हाताने काही चुका पेरल्या होत्या. छायेने त्या शोधायच्या.

"चौगुले तनुजा. अपुरी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं. लावा."

छायेने पहिली चूक पकडली. दुसरी तिच्या नजरेतून सुटली. तिसरी सापडली, चौथी सुटली. मागे बसलेल्या मुलांमध्ये कुजबुज झाली. पुढचा भाग साधा होता, सगळे आकडे जागच्या जागी. छाया सरसर पुढे गेली, आणि थांबली.

"लाइट गेली का?" सबनीस मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम," मेंगाणे सर म्हणाले. "विचार करतेय."

"कसला? इथे तर काहीच नाही. इथे आम्ही काही टाकलेलंच नाही."

छाया परत आली. पहिल्या ओळीपासून वाचू लागली. काही सापडलं नाही. पुढे गेली, पुन्हा थांबली, पुन्हा परत. काहीच नाही. सबनीस मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या नावावर बोट ठेवलं. तनुजाचे कान तापले होते. आपलं मूल पाहुण्यांसमोर हट्टाला पेटावं आणि उचलूनही नेता येऊ नये, तसं तिला झालं.

तिसऱ्यांदा छाया परत आली तेव्हा ती पार खालपर्यंत आलीच नाही. मध्येच एका ओळीवर अडून बसली.

ते एका ओढ्यावरचं पाणी मोजायचं केंद्र होतं. त्याचा आकडा चुकीचा नव्हता. तो फक्त तसाच होता. सकाळपासून तोच. वरच्या दोन केंद्रांवर पाणी अगदी हळू, बोटभर बोटभर चढत होतं, आणि हे केंद्र गप्प होतं.

सबनीस मॅडमनी बोट नावावरून उचललं. त्या पडद्याजवळ गेल्या. मग बाहेर जाऊन त्यांनी फोन केला, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो इथल्या कुणावर नव्हता.

"पाणी मोजायचा तरंगता गोळा गाळात रुतला होता तिथला," त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "संध्याकाळी पाणी वाढलं तेव्हा आपोआप सुटला. आमच्या दप्तरी त्या दिवसाचा शेरा आहे, सर्व ठीक."

त्यांनी गुण मात्र नियमाप्रमाणेच दिले. पेरलेल्या चुकांपैकी निम्म्या, म्हणजे नापास. संध्याकाळी निकाल लागला. रुख्सार शिकलगार, निवड. तिच्या छायेने पेरलेली एकही चूक सोडली नव्हती, आणि साम्याच्या तपासणीत तिच्यासारखी दुसरी कुणी निघाली नव्हती. ती तनुजाकडे आली, काहीतरी बोलायला गेली, आणि नुसतीच तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "वडापाव देणं लागतेस तू माझा. त्या दिवशी मांजराने खाल्ला."

सबनीस मॅडम जिन्यात तनुजाची वाट बघत थांबल्या होत्या.

"ती का थांबते?"

तनुजाने सांगितलं. घर फार शांत झालं की मी बघून येते, म्हणाली. लहान आहे ना. रडत असली की काळजी नसते. गप्प झाली की बघावं लागतं.

मॅडमनी बराच वेळ कठड्यावर बोटं वाजवली.

"तुमचे तास भरायचे राहिलेत. ते आमच्याकडे भरा. मानधन देऊ. पण ऑफिसात नाही. घरूनच, जसे भरलेत तसे. आणि मुलीला पाळणाघरात ठेवायचं नाही."

"का?"

"तुम्हाला माहीत आहे का ते." मग त्यांनी विचारलं, "बोलते का ती?"

"आई म्हणते. बाकी तिचं तिलाच कळतं."

"मग घाई करायला हवी. बोलायला लागली की तुम्ही उठणार नाही. बसल्या जागेवरून हाक माराल."

तनुजाला हे ऐकून राग यायला हवा होता. घरी जाताना रिक्षात तिने तो येतोय का ते पाहिलं. तो थोडा आला. पण त्याहून जास्त, ती बाई बरोबर बोलतेय, हेच खुपत राहिलं.

*

तास भरत आले. ठमी चालायला लागली, कपाटात शिरायला लागली, तेव्हा थांबण्याची कारणं वाढली आणि छाया आणखी धारदार झाली. मग एका दुपारी तनुजाचं काम सुरळीत चाललं होतं, फार वेळ सुरळीत चाललं होतं, आणि घर शांत होतं. तिने कीबोर्डवरचा हात उचलला.

"ठमे?"

आतून, धान्याच्या डब्यामागून कुठूनतरी, स्पष्ट आवाज आला, "ओ!"

तनुजाचा हात परत खाली आला. ती पुढची ओळ लिहू लागली, आणि अर्ध्यावर थांबून तिने सबनीस मॅडमना फोन लावला. ठसा त्याच दिवशी बंद करण्यात आला. त्यात त्यापुढचं काही घातलं गेलं नाही.

*

ठमी दुसरीत गेली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिने जलसंकेतमध्ये छायापालक झालेल्या आईचं ऑफिस बघायचा हट्ट धरला. नियंत्रण कक्षात तिला सगळ्यात आधी रुख्सार मावशी भेटली. ती आता तनुजाची वरिष्ठ होती. तिने ठमीला फिरत्या खुर्चीत बसवून तीनदा गोल फिरवलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर जाताच सवयीने फोनमध्ये बघून तारीख ताडून घेतली.

समोरच्या पडद्यावर खोऱ्यातली सगळी धरणं होती. ठमी नावं वाचत होती. वाचता वाचता ती थांबली.

"आई, तुझं बंद पडलं."

कर्सर लुकलुकत होता. आजूबाजूचे सगळे आकडे हिरवे होते. कक्षातल्या कुणीही मान वर केली नाही. नवीन माणसं पहिल्या आठवड्यात घाबरत, मग त्यांना सवय होई.

"बंद नाही पडलं," तनुजा म्हणाली. "येईल आता."

"कुठं गेलंय?"

तनुजाने तिच्या झिपऱ्या कानामागे सारल्या. "तुला बघायला."

"मी तर इथंच आहे!"

"तिला कुठं माहीत आहे ते? ती गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. झोळीतून पाय बाहेर काढायचीस."

ठमीने यावर थोडा विचार केला. मग ती खुर्चीवरून उतरली, पडद्याच्या अगदी जवळ गेली, काचेला नाक लावलं आणि मोठ्याने म्हणाली, "ओ!"

कर्सर तसाच लुकलुकत राहिला. थोड्या वेळाने तो हलला, पहिल्या ओळीवर गेला आणि तिथून एकेक ओळ वाचत खाली येऊ लागला.